घरचं विरजण

आमच्या घरात निरोगी माणूस कोण, यावर चर्चा व्हायचं काही कारणच नव्हतं. सासूबाईंना गुडघे, माझ्या नवऱ्याला, हेमंतला आळस आणि ओवीच्या दुखण्याला तर डॉक्टरांनीच नाव दिलेलं. उरले मी.

"रेवतीचंच घ्या," सासूबाई दिवाणावरून म्हणाल्या. "तिला कधी बसलेली बघितलीय का कुणी?"

हेमंतनं टीव्हीवरची नजर न काढता मान डोलावली. मी तेव्हा भाकरी थापत होते. अशा रीतीनं माझी निवड बिनविरोध झाली आणि तव्यावरची भाकरी करपू नये म्हणून मी भाषणही केलं नाही.

निवड कशासाठी, ते सांगते. ओवी माझी मुलगी. सांगलीत फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला होती. आधी तिचे सकाळचे तास बुडायला लागले, मग मैत्रिणींचे फोन बंद झाले, मग केस धुणं थांबलं. टॉवेल घेऊन बाथरूमच्या दारापर्यंत जायची, कडीला हात लावायची आणि बराच वेळ तशीच उभी राहून परत अंथरुणात यायची. रडत नव्हती, भांडत नव्हती. रडली असती तर मला समजलं असतं. मी आपली दारातून ओरडायची, "अगं ऊठ! मला तरी कुठं उठावंसं वाटतं? उठते ना मी?"

हे वाक्य मी रोज सकाळी म्हणत होते. आमच्या गल्लीत निम्म्या घरांतून ते ऐकू येतं, त्यामुळं कुणाच्या कानाला खटकलं नाही. माझ्याही नाही.

ओवीला गोळ्या सुरू केल्या होत्या. गोळ्यांनी खडखडीत बरी झालेली माणसं माझ्या ओळखीत आहेत. ओवीला मात्र दोन प्रकारच्या बदलून झाल्या तरी थोडा उतार पडायचा आणि पुन्हा तेच. एका संध्याकाळी मी तिच्यासमोर ताट ठेवलं, तेव्हा ती म्हणाली, "मी नसते तर तुझं किती काम कमी झालं असतं गं." रागानं नाही. उद्या पाणी येणार नाही, असं सांगावं तशी म्हणाली. त्या रात्री मी तिच्या खोलीत झोपले आणि सकाळी रजा टाकून तिला आणि हेमंतला घेऊन मिरजेला गेले.

मिरज हे दवाखान्यांचंच गाव. त्यातल्या एका नव्या दवाखान्यात डॉ. नाझनीन मुजावर बसायच्या. माझ्याच वयाच्या, आवाज खर्जातला, आणि समजावून सांगायची हौस. त्यांनी ओवीशी एकटीशी खूप वेळ बोलून घेतलं, तिच्या गोळ्या चालू ठेवल्या आणि मग आम्हा सगळ्यांना आत बोलावलं.

"माणूस काहीही करायच्या आधी मेंदू एक गणित करतो," त्या म्हणाल्या. "साधा पाण्याचा पेला उचलायचा असला तरी. कष्ट किती पडतील आणि त्यातून मिळेल काय. निरोगी माणसाला हे गणित झालेलंही कळत नाही, हात आपोआप पुढं जातो. नैराश्यात काय होतं, कष्टाच्या पारड्यात कुणीतरी दगड टाकून ठेवल्यासारखं होतं. मग पेलासुद्धा घागरीएवढा जड लागतो. त्याला आपण आळस म्हणतो. आळशी माणसाला न उठण्यात मजा येते हो. हिला त्यातही मजा नाही."

हेमंतनं यावर उगाचच पाय पोटाशी घेतले.

"आता नवीन काय कळलंय, तर हे गणित एका ठेक्यावर चालतं. कपाळाच्या मागं, खोलवर. तो ठेका आम्हाला पकडता येतो. आणि दुसरी गोष्ट अशी की, वर्षानुवर्षं एका छपराखाली राहणाऱ्या माणसांचे ठेके एकमेकांशी जुळत जातात. एकाच वेळी जेवण, एकच आवाज, एकच झोप. म्हणून घरातल्या निरोगी माणसाचा ठेका नोंदवायचा आणि चुंबकाच्या हलक्या टिचक्यांनी पेशंटच्या मेंदूला रोज थोडा थोडा द्यायचा. महिनाभरात मेंदू तो धरतो. परक्या माणसाचा दिला तर धरत नाही."

यंत्राचं नाव लांबलचक इंग्रजी होतं. मिरज-सांगलीत सगळे त्याला विरजण म्हणायचे. कुणाला कुणाचं विरजण लागलं, हे आता लग्नाच्या पंगतीतही विचारतात. तर ओवीला माझं लावायचं ठरलं, ते असं.

तपासणीच्या दिवशी माझ्या डोक्यावर एक टोपडं चढवलं आणि हातात रबरी चेंडू दिला. समोर पडदा. कधी एखादं चित्र यायचं, कधी गाणं, कधी नळीतून मोगऱ्याचा नाहीतर तळणाचा वास. आवडलं तर चेंडू दाबायचा. जितका जोरात दाबू तितकं ते जास्त टिकणार. नाही आवडलं तर सोडून द्यायचं. मी एकही सोडला नाही. मनगट भरून आलं तरी दाबत राहिले. पोरीसाठी आले होते, कुचराई करून कसं चाललं असतं?

डॉक्टरांनी पुन्हा एकदा सगळं करायला लावलं. मग बाकीच्यांना बाहेर पाठवलं आणि दार लावून घेतलं.

"काम काय करता तुम्ही?"

"तासगाव रस्त्याला बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज आहे, तिथं प्रतवारी बघते. रंग, आकार कॅमेरा बघतो. चव बघायला अजून माणूस लागतो."

"म्हणजे रोज बेदाणे खाता? छान. कसे लागतात?"

"बेदाण्यासारखे," मी म्हटलं.

त्या हसल्या नाहीत. त्यांनी पडदा माझ्याकडं वळवला. "रेवतीताई, तुम्ही प्रत्येक वेळी चेंडू दाबलाय. एकदाही दाबावासा मात्र वाटलेला नाही. यंत्र हाताकडं बघत नाही, हात हलायच्या आधीचं बघतं. तिथं तुमचा दगड ओवीच्या दगडापेक्षा मोठा आहे."

मला राग आला. असा राग, की कानशिलं तापली. "तुमचं यंत्र बिघडलंय," मी म्हटलं. "मी पहाटे उठते. पाणी भरते, डबे करते, सासूबाईंचे गुडघे चोळते, कामावर जाते, येताना भाजी आणते. गेल्या वर्षात एक खाडा दाखवा माझा. आजारी माणूस हे करतो का?"

"करतो. बायका तर फार करतात," त्या म्हणाल्या. "ओवीला उचलवेना, तिनं खाली ठेवलं. तुम्ही ठेवलं नाही, इतकंच. म्हणून तिला आम्ही सगळ्यांनी बघितलं आणि तुम्हाला कुणी बघितलं नाही."

माझं तर यंत्रच बिघडलेलं, मग आता विरजण कुणाचं? बाहेर बाकावर हेमंत भडंगाची पुडी संपवत बसला होता. त्यालाच आत घेतला. बी-बियाण्याच्या दुकानातून सहाला घरी येऊन पाय पसरणारा माणूस. यानं निम्म्या वेळा चेंडू दाबलाच नाही. मोगऱ्याला नाही, डोंगराच्या चित्राला नाही. भज्यांच्या वासाला मात्र दोन्ही हातांनी. डॉक्टर पडद्याकडं बघून म्हणाल्या, "सुंदर! इतका स्वच्छ ठेका फार दिवसांनी बघितला."

हेमंतनं माझ्याकडं असं बघितलं, की ते टोपडं त्याच्या डोक्यात हाणावं असं मला वाटलं. आयुष्यभर ज्याला मी घरातलं बिनकामाचं फर्निचर समजले, तो निघाला निरोगी. मला त्याचा हेवा वाटला. लपवत नाही, खूप वाटला.

निघताना डॉक्टरांनी मला पुन्हा थांबवलं. "ठेके जुळतात म्हटलं ना, ते दोन्ही बाजूंनी. ओवी सुधारायला लागली आणि शेजारी तुम्ही अशाच राहिलात, तर तुमचा ठेका तिला परत खाली ओढणार. घरात सगळ्यात जास्त वेळ ती तुमच्याबरोबर असते. तुम्हीही बसा. हेमंतरावांचंच दोघींना चालेल."

"बसायचं म्हणजे काय करायचं?"

"काही नाही करायचं. विरजण लावलेलं भांडं हलवायचं नसतं, तसं. महिनाभर मनाविरुद्ध एकही काम नाही. आतून वाटेपर्यंत उठायचं नाही. कशाची तरी आतून इच्छा झाली, की समजायचं लागायला लागलं."

मला हसूच आलं. बेदाण्याचा हंगाम तोंडावर, घरात अंथरुणाला एक खिळलेली, आणि मी आतून वाटायची वाट बघत लोळू? "माझं नंतर बघू," मी म्हटलं. "ओवीचं होऊ दे. आणि घरी यातलं काही बोलू नका. माझं ब्लड प्रेशर वाढलंय म्हणून मला घेतलं नाही, असं सांगते."

"मी नाही सांगणार," डॉक्टर म्हणाल्या. "पण बघावं तुम्हालाच लागेल."

ओवीला हेमंतचं विरजण लागलं. रोज सकाळी तो तिला मिरजेला घेऊन जायचा आणि येताना दोघं काहीतरी खाऊन यायची. मी कामाला जाताना ती झोपलेली असायची, पण हळूहळू तिचं झोपणं बदललं. आधी ती भिंतीकडं तोंड करून झोपायची, आता खिडकीकडं. एके दिवशी मी कामावरून आले तर ती अंगणात ओले केस मोकळे सोडून बसली होती. कुणी सांगितलं नव्हतं. हेमंतनं काहीतरी पाचकळ विनोद केला आणि ती हसली, मोठ्यानं, लहानपणी हसायची तशी. मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडून घेतलं. हे सुख होतं की काय होतं, मला सांगता येणार नाही. सुटल्यासारखं वाटलं खरं.

कोर्स संपला. सकाळचं मिरजेला जाणं थांबलं, हेमंत दुकानाला लागला आणि ओवी दिवसभर घरात, आणि मी कामावर नसेन तेव्हा माझ्या मागंपुढं राहू लागली. कांदा चिरून द्यायची. पीठ चाळून द्यायची. मला बरं वाटायला हवं होतं. पण थोड्याच दिवसांत ती बोलता बोलता मध्येच थांबायला लागली. मग दुपारची झोपायला लागली. मग पुन्हा भिंतीकडं तोंड.

हेमंत कासावीस झाला. "माझंच कमी पडलं काय गं?" तो विचारायचा. आयुष्यात पहिल्यांदा त्याला कशाचा तरी अभिमान वाटला होता, आणि तोही हातचा चालला होता. मी म्हणायची, "नाही रे, होईल." मला माहीत होतं काय कमी पडतंय. माहीत असून मी रोज तिच्या शेजारी बसून भाजी निवडत होते. सांगावं तर अंथरूण धरावं लागेल, आणि मी अंथरूण धरलं की घर थांबेल, ही एवढीच भीती नव्हती. एकदा आडवी झाले तर पुन्हा उठणारच नाही, असं मला वाटत होतं. इतकी वर्षं मी या एका भीतीवर चालत होते.

शेवटी ओवीनंच पकडलं.

सकाळची वेळ. चहाचं भांडं गॅसवर ठेवलेलं, माझ्या हातात लायटर. मागून आवाज आला, "आई, काय करायलीस?"

"काही नाही. चहा ठेवायलेय."

"गॅस कुठाय पेटवलेला? मी मघापासून बघायलेय. तू नुसती उभी आहेस."

"झोप लागली नाही नीट," मी म्हटलं.

ती दारातून आत आली. डोळे सुजलेले, केस पुन्हा विस्कटलेले. तिनं माझ्या हाताकडं बघितलं, लायटरकडं बघितलं, आणि हळू आवाजात म्हणाली, "आई, मी बाथरूमच्या दारात अशीच उभी राहते."

मी लायटर उगाचच या हातातून त्या हातात घेतला.

"तुला पण ते होतं?"

"सगळ्यांनाच होतं गं. कामं काय चुकलीत का कुणाला?"

"पप्पांना नाही होत. मी विचारलंय त्यांना. ते म्हणाले, चहा करायचा म्हटलं की चहाच डोळ्यापुढं येतो." ती माझ्या अगदी जवळ आली. "कधीपासून होतंय?"

मी खरंच आठवून बघितलं. हंगामाच्या आधीपासून. सासरे गेले त्याच्या आधीपासून. मागं मागं जात राहिले, पण ते नव्हतं असा दिवसच हाताला लागेना.

"तू व्हायच्या आधीपासून," मी म्हटलं.

ओवी तिथंच फरशीवर बसली. "आणि मला म्हणायचीस, मी उठते ना."

"मला वाटलं, सगळ्यांचं असंच असतं. जगणं म्हणजे हेच. तू कामचुकारपणा करतेस असं वाटायचं मला. सगळे सोसतात, तूच तेवढी नाही म्हणतेस."

मग मी तिला सगळं सांगितलं. टोपडं, चेंडू, बेदाणे, डॉक्टर काय म्हणाल्या ते आणि ती परत का घसरायला लागली तेही. मला वाटलं, ती चिडेल. तिला हक्क होता. ती म्हणाली, "मग आपण दोघी जाऊ. तू नाही आलीस तर मी पण जाणार नाही." आवाजात जोर नव्हता, पण बोलणं ठाम होतं. मी लायटर ओट्यावर ठेवला.

घरात सांगितलं तेव्हा हेमंतचा चेहरा पडला. तो माझ्याकडं कितीतरी वेळ बघत राहिला. घरात रोज वावरणारं माणूस आपण कधी नीट बघितलंच नाही, हे त्याला समजत असावं. सासूबाईंनी मात्र आधी विचारलं, "मग भाकरी कोण करणार?" आणि मग गुडघ्यावर हात फिरवत, कुणाकडंच न बघता म्हणाल्या, "बरं झालं, आमच्या वेळी असलं यंत्र नव्हतं." त्यावर कुणी काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं. पुढं कधीतरी विचारीन.

कामावर रजा टाकली. साहेब म्हणाले, "ऐन हंगामात?" मी म्हटलं, "हो." दुसरं कारण सांगितलं नाही. मिरजेहून परतलं की पडून राहायचं. पडून राहणं इतकं कष्टाचं असतं, हे मला माहीत नव्हतं. स्वयंपाकघरातून भांड्यांचे आवाज यायचे आणि माझे पाय आपोआप पलंगावरून खाली जायचे. दूध उतू गेल्याचा वास यायचा. हेमंत भात लावायचा, तो कधी खीर व्हायचा तर कधी खडे. गॅसची शेगडी चिकट झाली, कपड्यांचा ढीग खुर्चीवरून सांडला. घर थांबलं नाही. फार वाईट चाललं, पण चाललं. याचं मला आधी दुःख झालं. मग त्याचाही कंटाळा आला. मी नुसती पडून राहिले आणि वर्षानुवर्षं साठलेला थकवा अंगातून बाहेर यायला लागला. इतका, की कूस बदलायचीही ताकद उरली नाही. हेच ते, ज्याला मी भीत होते. डॉक्टर म्हणाल्या, येऊ द्या, मी रोज बघतेय ना.

महिना सरत आला होता. ओवी पुन्हा केस धुऊ लागली होती. माझ्यात काहीच फरक नव्हता. मला कशाचीच इच्छा होत नव्हती, आणि डॉक्टर आणखी थोडे दिवस वाढवायचं म्हणत होत्या. एके दिवशी सकाळी ओवी दारात आली.

"आई, उठावंसं वाटतंय?"

"हो, उठते," हे शब्द ओठांवर आले होते. सवयीनं. मी ते गिळले.

"नाही," मी म्हटलं.

आयुष्यात पहिल्यांदा मी हे खरं बोलले असेन. कुणी ओरडलं नाही. ओवी म्हणाली, "मग नको उठूस," आणि पडदा सारखा करून गेली. जाताना तिकडूनच ओरडून तिनं विचारलं, चहाला पाणी किती घालायचं. मी उत्तर दिलं नाही. ती काहीतरी अंदाजानं करत होती, भांडी आपटत होती.

थोड्या वेळानं ती कप घेऊन आली. मी उशीला टेकून बसले आणि घोट घेतला. साखर जास्त, पावडर कमी, आलं तर नावालाही नाही. नुसतं गढूळ गरम पाणी. मी तोंड वाकडं केलं.

"काय झालं?" ओवीनं विचारलं.

"पाणचट झालाय," मी म्हटलं. "घाण झालाय अगदी."

तिचा चेहरा उतरला. "पी की तसाच. नाहीतरी तुला काय, कसाही चालतो."

खरं होतं. मला कसाही चालायचा. थंड, साय धरलेला, इतरांचा उरलेला. किती वर्षं मी चहा प्याले आणि तो चांगला की वाईट हे मला कधी समजलंच नाही. मी कप तिच्या हातात परत दिला.

"हा नको," मी म्हटलं. "आलं घालून नीट कर. मला चांगला चहा हवाय."

ओवी कप धरून तशीच उभी राहिली. "काय म्हणालीस?"

"चहा," मी म्हटलं. "मला हवाय."